ओळखीचं वाटणं आणि "ओळखलं" म्हणणं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मानसशास्त्र शिकवते. स्मरणशक्तीचा विषय निघाला की लोक ठरलेले पंधरा-सोळा प्रश्न विचारतात, आणि दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. आधी सोपे, मग किचकट. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, नंबर दिलेत, तिकडे जाऊन वाचा.

१. ओळखणं आणि आठवणं, शेवटी एकच ना?

नाही. "दहावीच्या वर्गातल्या सगळ्यांची नावं सांग" म्हटलं की ते आठवणं, समोर काहीच नाही, सगळं आतून उकरून काढायचं. तोच ग्रुप फोटो पुढे धरून "यातला आपल्या वर्गातला कोण आणि ब तुकडीतला कोण" विचारलं की ते ओळखणं. वस्तू समोर असते, तुम्ही फक्त "आधी पाहिलंय" किंवा "नाही पाहिलं" एवढंच सांगायचं. पुस्तकात आठवण्याला प्रत्यावाहन आणि ओळखण्याला प्रत्यभिज्ञा असे भारदस्त शब्द आहेत, ते परीक्षेत लिहा, इथे नको.

२. पण ओळखण्यात "निर्णय" कसला आलाय? चेहरा दिसला, ओळखला, संपलं.

तसं वाटतं खरं, कारण बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं. स्वतःच्या आईला ओळखताना कोणी विचार करत नाही. पण देवळाबाहेर चपलांच्या ढिगासमोर उभं राहून बघा. तपकिरी कोल्हापुरी, साधारण तुमच्याच मापाची, अंगठा थोडा झिजलेला, आणि तुम्ही दोन सेकंद थबकता, "माझीच आहे ना ही?" ते जे थबकणं आहे ना, तिथे मेंदू निर्णय घेत असतो, आणि तोच आईच्या वेळीही घेतो फक्त इतका पटकन की तुम्हाला पत्ता लागत नाही.

होतं असं की समोरच्या वस्तूबद्दल स्मृती "हो" किंवा "नाही" असं उत्तर देतच नाही. ती देते एक मात्रा, किती ओळखीचं वाटतंय त्याची. आणि ती मात्रा नव्या वस्तूसाठीही शून्य नसते, कारण जगातल्या सगळ्याच तपकिरी कोल्हापुरी एकमेकींसारख्या दिसतात. तुमच्या स्वतःच्या चपलेसाठीही ती रोज सारखी नसते, आज उजेड कमी, आज घाई, आज पट्टा ओला. म्हणजे जुन्या वस्तूंच्या मात्रांचा एक ढीग आणि नव्यांचा एक ढीग, आणि दोन्ही मधे एकमेकांत मिसळलेले. अशा वेळी कुठेतरी रेघ मारावी लागते, रेघेच्या वर गेलं तर "माझी", खाली राहिलं तर "दुसऱ्याची".

मग चार गोष्टी होऊ शकतात. तुमची होती आणि घातलीत, बरोबर. दुसऱ्याची होती आणि सोडलीत, तेही बरोबर. तुमची असून सोडून दिलीत आणि अनवाणी घरी आलात, ही हुकलेली ओळख. दुसऱ्याची घालून आलात, ही खोटी ओळख, म्हणजे फॉल्स अलार्म. फॉल्स अलार्म हा शब्दच सांगतो की हा विचार कुठून आला, रडारच्या पडद्यावर दिसलेला ठिपका विमानाचा की पक्ष्यांच्या थव्याचा हे ठरवण्याच्या गणितातून. त्याला सिग्नल डिटेक्शन थिअरी म्हणतात, आणि जेम्स ईगन यांनी १९५८ मध्ये ती स्मृतीला लावून दाखवली.

३. म्हणजे किती बरोबर ओळखले यावरून मेमरी चांगली की वाईट ते कळत नाही?

नुसतं त्यावरून अजिबात नाही. हिशोब करून बघू. समजा १०० फोटो दाखवले, मग त्यात १०० नवे मिसळून परत विचारलं. उदाहरण माझं, तीन बहिणींचं, आकडे सोयीचे घेतलेत.

थोरलीने १०० जुन्यांपैकी ८४ ओळखले आणि १६ नव्यांना चुकून जुने म्हटलं. मधलीने ९३ ओळखले, घरात सगळे म्हणाले काय मेमरी आहे पोरीची, पण तिने ३१ नव्यांनाही जुने म्हटलं. धाकटीने फक्त ६९ ओळखले, पण खोटी ओळख फक्त ७ वेळा. आता गणित मांडलं तर तिघींची स्मृती जवळजवळ अगदी सारखी निघते. जुनं आणि नवं यातला फरक कळण्याची ताकद मोजतात त्याला डी-प्राइम म्हणतात, आणि तो तिघींचा साधारण २ येतो. फरक फक्त रेघेचा. मधलीने खाली मारली, धाकटीने वर.

मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. आपण ज्याला विसरभोळेपणा म्हणतो किंवा ज्याला जबरदस्त मेमरी म्हणतो त्यातला बराचसा भाग रेघेचा असतो, आणि घराघरात मुलांची तुलना करताना मधलीचं कौतुक होतं आणि धाकटी बिचारी बोलणी खाते.

४. ही रेघ ठरवतं कोण? आणि ती आपल्याला हलवता येते का?

येते. चुकीची किंमत काय यावर ती हलते. "खात्री असेल तरच हो म्हणा" असं सांगितलं की लोक रेघ वर नेतात, "एकही सुटता कामा नये" म्हटलं की खाली आणतात. समोरच्यातले किती जुने असतील या अपेक्षेवरही हलते, लग्नाच्या हॉलमध्ये सगळेच नातेवाईक असणार म्हणून आपण अनोळखी माणसालाही "काय, कसे आहात" म्हणून मोकळे होतो, तोच चेहरा लोकलमध्ये दिसला तर मान वळवतो.

पण एक गंमत आहे. लोक रेघ हवी तेव्हा हवी तशी हलवत नाहीत, एकदा मारली की सहसा तीच धरून ठेवतात. स्ट्रेच आणि विक्स्टेड यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात एका रंगातले शब्द जास्त वेळा दाखवले होते, दुसऱ्या रंगातले कमी. शहाण्या माणसाने काय करावं? जास्त वेळा दाखवलेल्या रंगात नवा शब्द आला तर म्हणावं "हा असता तर चांगला लक्षात राहिला असता, म्हणजे नव्हताच". लोकांनी तसं केलंच नाही, खोटी ओळख दोन्ही रंगांत सारखीच. शब्दागणिक रेघ हलवणं मेंदूला जड जातं.

५. चेहरा पक्का ओळखीचा वाटतो पण कोण, कुठे भेटलो, काही आठवत नाही. हे काय असतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. रोज ज्या मावशींकडून भाजी घेता त्या एखाद्या बारशाला पैठणी नेसून समोर आल्या तर क्षणभर अंगावर काटा येतो, यांना मी ओळखते, नक्की ओळखते, पण कोण या? जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये नेमकं हेच उदाहरण दिलं होतं, त्यांचा खाटीक होता आणि तो बसमध्ये दिसला होता. त्यावरून त्यांचं म्हणणं असं की ओळखण्याचे रस्ते दोन आहेत. एक नुसतं ओळखीचं वाटणं, झटपट, कारण न सांगता. दुसरा प्रसंगासकट आठवणं, "अरे या तर मंडईतल्या, कोपऱ्यावर बसतात, परवा मेथी दिली". एंडेल टल्व्हिंग यांनी १९८५ मध्ये प्रयोगात लोकांना हेच विचारायला सुरुवात केली की तुम्हाला "आठवतंय" की नुसतं "माहीत आहे".

यावर भांडण मात्र मिटलेलं नाही हां. एक गट म्हणतो दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, दुसरा म्हणतो मात्रा एकच, कमी असली की "ओळखीचं वाटतं" आणि खूप असली की "आठवतं", उगाच दोन कशाला करता. माझा कल दोन यंत्रणांकडे आहे, मुख्यतः पुढच्या प्रश्नातल्या पेशंटांमुळे.

६. मेंदूचा कुठला भाग हे करतो?

सुरुवात हेन्री मोलेझनपासून करावी लागते. अमेरिकेतला हा माणूस, फिट्स थांबत नव्हत्या म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा कानशिलामागचा आतला भाग काढला, त्यात नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग गेला. नवं काही टिकेना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं आणि दर वेळी तो त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. २००८ मध्ये तो वारला, तोवर जगभर त्याला फक्त एच. एम. म्हणून ओळखत होते.

पण त्याच्या मेंदूतलं एकदम बरंच काही गेलेलं, त्यामुळे कुठल्या तुकड्याचं काय काम ते कळत नाही. म्हणून नंतरचे पेशंट महत्त्वाचे. जॉन नावाने ओळखला जाणारा एक मुलगा, जन्माच्या सुमाराला हिप्पोकॅम्पसला इजा झालेली, दिवसभरात काय झालं ते सांगता येत नाही पण "हे पाहिलंय का" विचारलं तर बऱ्यापैकी बरोबर सांगतो. आणि उलटी केस एन. बी., २००७ मध्ये छापलेली. हिच्या ऑपरेशनमध्ये हिप्पोकॅम्पस वाचला आणि त्याच्या शेजारचा पेरिरायनल कॉर्टेक्सचा भाग गेला, तर प्रसंग आठवणं शाबूत आणि नुसतं ओळखीचं वाटणं बिघडलेलं. एकाला हे येतं ते येत नाही, दुसरीला ते येतं हे येत नाही, मग दोन यंत्रणा म्हणायला जागा होते.

पेरिरायनल भागातल्या पेशी काम कसं करतात तेही ऐकण्यासारखं आहे. माकडांमध्ये दिसलंय की नवी वस्तू दिसली की तिथल्या काही पेशी जोरात कडकडाट करतात आणि तीच वस्तू परत दिसली की त्यांचा आवाज कमी होतो. म्हणजे ओळखीची खूण ही तिथे शांततेतून येते.

७. हे झालं स्मृतीचं. पण "हो, पाहिलंय" हा निर्णय नक्की कुठे होतो?

इथे गेल्या काही वर्षांत खरी मजा आली आहे. अपस्माराच्या काही पेशंटांच्या मेंदूत ऑपरेशनआधी बारीक तारा बसवतात, फिट कुठून सुरू होते ते शोधायला. ते दवाखान्यात पडून असतात, तेव्हा त्यांच्या परवानगीने एकेका पेशीचं बोलणं ऐकता येतं. लॉस एंजेलिसमध्ये यूली रुटिशाउझर यांच्या टीमने हे खूप केलंय. त्यांचा २०२० मधला प्रयोग असा, तेच फोटो दाखवून कधी विचारायचं "हा माणसाचा चेहरा आहे का", आणि कधी "हा आधी पाहिलाय का". हिप्पोकॅम्पसच्या भागात जुनं-नवं ही खूण दोन्ही वेळा तशीच होती, कोणी विचारो न विचारो. पण कपाळामागे मधल्या बाजूला, मिडियल फ्रंटल कॉर्टेक्समध्ये, "हो पाहिलंय" हा निर्णय सांगणाऱ्या काही पेशी स्मृतीचा प्रश्न असतानाच तो निर्णय सांगत होत्या. उत्तर बटण दाबून दिलं की नजर फिरवून दिलं याने त्यांना फरक पडत नव्हता. आणि त्याच वेळी पुढच्या भागातल्या पेशी हिप्पोकॅम्पसच्या थीटा लहरींच्या (मेंदूतल्या विजेच्या संथ लहरी) ठेक्यावर चालत होत्या, म्हणजे साक्ष मागवली जात होती. माझ्या डोक्यात याचं चित्र तहसील कचेरीसारखं आहे, रेकॉर्ड रूममध्ये सातबारा पडलेलाच असतो, पण साहेबांनी फाइल मागवली तरच निकाल लागतो.

पुढचा भाग बिघडला तर काय होतं? १९९६ मध्ये बी. जी. नावाच्या पेशंटचा अभ्यास छापला गेला, उजव्या बाजूच्या फ्रंटल लोबला इजा. त्याला नवे शब्दही "आठवायचे", खोट्या ओळखींचा नुसता पाऊस. पण नवे शब्द अगदी वेगळ्या प्रकारचे दिले की त्या खोट्या ओळखी जवळजवळ थांबायच्या. म्हणजे "साधारण त्यातलंच वाटतंय ना, मग असेलच" अशी त्याची रेघ झाली होती.

आणि डोक्याच्या मागे-वरचा पॅरायटल लोब? स्कॅनमध्ये जुनी वस्तू ओळखली की तो हमखास उजळतो, म्हणून काहींना वाटलं साक्षीपुरावा तिथेच साठत असणार. पण दोन्ही बाजूंचा पॅरायटल लोब बिघडलेल्या लोकांना तपासलं तर ते बरोबर ओळखतात, फक्त त्यांना स्वतःची खात्री कमी वाटते. तेव्हा तो नेमकं काय करतो यावर चर्चा चालूच आहे, खात्रीशी त्याचं काहीतरी नातं आहे एवढं मात्र म्हणता येतं.

८. या सगळ्याला वेळ किती लागतो?

डोक्यावर इलेक्ट्रोड लावून बघितलं तर वस्तू दिसल्यापासून साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांत पुढच्या बाजूला जुन्या-नव्याचा पहिला फरक दिसतो, याला बरेच जण ओळखीचं वाटण्याशी जोडतात, सगळे नाही. मग ५०० ते ८०० मिलिसेकंदांत डाव्या पॅरायटल बाजूला दुसरा, तो प्रसंगासकट आठवण्याचा. बटण दाबेपर्यंत बहुतेकदा सेकंदाच्या आतबाहेर.

वेळ एवढा का बदलतो, याचं सगळ्यात चांगलं उत्तर रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये दिलं, डिफ्यूजन मॉडेल. कल्पना अशी की दोन भिंती आहेत, एक "जुनं", एक "नवं", आणि मधून एक माणूस झिंगल्यासारखा चाललाय. स्मृतीचा वारा त्याला एका बाजूला ढकलतो, वारा जोरात असेल तर तो सरळ जाऊन आपटतो, मंद असेल तर इकडेतिकडे भेलकांडत जातो आणि कधीकधी चुकीच्या भिंतीला टेकतो. ज्या भिंतीला टेकला ते उत्तर, आणि लागला तेवढा वेळ. घाई केली की भिंती जवळ येतात, उत्तर लवकर येतं आणि चुका वाढतात. प्रश्न २ मधली एक रेघ आणि इथल्या दोन भिंती, दोन्ही निर्णयाचीच चित्रं आहेत, हे दुसरं वेळेसकट आहे एवढंच.

९. बाबा सत्तरीला आलेत, माणूस ओळखायला खूप वेळ लावतात. ही विसरण्याची सुरुवात का?

उशीर झाला म्हणजे स्मृती गेली असं समजू नका. रॅटक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण आणि ज्येष्ठ लोकांची तुलना केली तेव्हा एकेक शब्द ओळखण्यात प्रश्न ८ मधल्या वाऱ्याचा जोर फारसा वेगळा निघाला नाही, ज्येष्ठांच्या भिंती एकमेकींपासून जास्त दूर होत्या. म्हणजे चुकायचं नाही म्हणून ते जास्त पुरावा गोळा करतात, आणि बघणं, हात हलवणं यातही थोडा वेळ जातो. "बाबा, लवकर सांगा ना" म्हणून मागे लागणं बंद करा.

वयाने खरी गडबड होते ती जोड्यांमध्ये. हा चेहरा पाहिलाय, हे नाव ऐकलंय, पण हे नाव याच चेहऱ्याचं का, इथे अडतं. आणि अल्झायमरमध्ये चित्र वेगळं असतं, तिथे बरेचदा रेघच खाली येते, अनोळखी माणूसही ओळखीचा वाटायला लागतो. तुमचे बाबा वेळ घेऊन बरोबर ओळखत असतील तर ती एक गोष्ट, पटकन आणि चुकीचं ओळखायला लागले असतील, तोच प्रश्न परत परत विचारत असतील तर डॉक्टरांना दाखवा, माझ्या उत्तरावर थांबू नका.

१०. कधी न पाहिलेली गोष्टही पक्की पाहिल्यासारखी वाटते. खोटं बोलतोय का मी?

नाही. हे वाचा: गादी, उशी, पांघरूण, रात्र, स्वप्न, जांभई, घोरणं, अंगाई, डुलकी, पलंग. आता मागे न बघता सांगा, यात "उशी" होतं का? "डोंगर" होतं का? "झोप" होतं का? शेवटच्याला "हो" म्हणालात तर तुम्ही एकटे नाही. रोडिगर आणि मॅकडरमट यांनी १९९५ मध्ये अशा याद्या वापरल्या, आणि यादीत नसलेला मधला शब्द लोकांनी जवळजवळ खऱ्या शब्दांइतक्याच वेळा ओळखला, वर कित्येकांनी "मला ऐकल्याचं आठवतंय" असंही म्हटलं. सगळ्या शब्दांनी मिळून त्या एका शब्दाची मात्रा रेघेच्या वर ढकलली.

दुसरा प्रकार आहे मात्रा खरी पण कारण चुकीचं. लॅरी जॅकोबी यांच्या १९८९ च्या प्रयोगात लोकांना काही साधी, अप्रसिद्ध नावं वाचायला दिली, आणि एक दिवस गेल्यावर विचारलं यातलं कोण प्रसिद्ध आहे. कालची नावं आज "कुठेतरी ऐकलंय" म्हणून प्रसिद्ध झाली. मजा म्हणजे लगेच विचारलं तर असं होत नव्हतं, कारण कुठे वाचलं ते तेव्हा आठवत होतं. फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला की खरा वाटायला लागतो ना, तो याचाच भाऊबंद.

११. मेंदू किती गोष्टी ओळखून ठेवू शकतो?

लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये लोकांना १०,००० चित्रं दाखवली, प्रत्येक काही सेकंदच, आणि नंतर जुनं-नवं जोडी समोर ठेवली तर साधारण ८३ टक्के वेळा बरोबर. लोकांना वाटलं ढोबळ कल्पना लक्षात राहत असेल. मग २००८ मध्ये टिमथी ब्रेडी आणि मंडळींनी २,५०० वस्तू दाखवल्या, प्रत्येकी तीन सेकंद, आणि फसवायला तीच वस्तू वेगळ्या अवस्थेत ठेवली, दार उघडं की बंद, ग्लास भरलेला की अर्धा. तरी ८७ टक्के बरोबर.

पण इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. दोनांतलं एक निवडायचं असेल तर रेघ लागतच नाही, जास्त ओळखीचं ते उचलायचं. एकटी वस्तू समोर ठेवून "पाहिलीय का" विचारलं की लगेच रेघ आली, आणि आकडा बदलतो. असे चमकदार आकडे वाचताना आधी बघा की प्रश्न कसा विचारला होता.

१२. रोजच्या वापरातले शब्द जास्त चांगले ओळखता येत असतील ना?

उलट. "पाणी" पेक्षा "पाणबुडी" चांगला ओळखता येतो. क्वचित भेटणारा शब्द यादीत असेल तर "होता" असं जास्त वेळा बरोबर म्हणतात, आणि नसेल तर "नव्हता" हेही जास्त वेळा बरोबर म्हणतात. दोन्हीकडून फायदा म्हणून याला मिरर इफेक्ट म्हणतात. "पाणी" रोज शंभर वेळा भेटतं, ते या यादीत भेटलं की सकाळी स्वयंपाकघरात, कसं कळणार.

१३. एमसीक्यूमध्ये पहिलं उत्तर बदलू नये म्हणतात. आणि निगेटिव्ह मार्किंग असताना ठोकावं का?

पहिल्या भागाचं उत्तर: बदला, कारण सापडलं असेल तर. उत्तरं बदलण्यावर झालेल्या अभ्यासांत चुकीचं बदलून बरोबर होण्याचं प्रमाण बरोबर बदलून चुकीचं होण्यापेक्षा जास्त निघालंय. पण बरोबर होतं ते बदललं ही जखम लक्षात राहते, दुसरी राहत नाही, म्हणून तो सल्ला क्लासमध्ये पिढ्यानपिढ्या चालतो.

दुसरा भाग सरळ रेघेचा आहे, म्हणजे प्रश्न ४. नीटमध्ये बरोबरला ४, चुकलं तर उणे १. चार पर्यायांत डोळे झाकून ठोकलं तरी सरासरी पाव मार्क पदरात पडतो, म्हणजे रेघ खाली ठेवलेली परवडते. यूपीएससीच्या प्रीलिममध्ये एक तृतीयांश कापतात, तिथे आंधळेपणाने ठोकलं तर सरासरी शून्य, आणि एक पर्याय नक्की उडवता आला तर थोडा फायदा. "शंका असेल तर सोडून दे" हा सल्ला सगळ्या परीक्षांना सरसकट लावणारे सर मला पटत नाहीत.

आता सावधगिरी. पेपर काढणारा चुकीचे पर्यायही ओळखीचे वाटतील असेच घालतो, प्रश्न १० मधल्या "झोप" सारखे. आणि धडा पाच वेळा वाचला की सगळं ओळखीचं वाटतं, "हे येतं मला" असं वाटतं, आणि हॉलमध्ये हात चालत नाही. पुस्तक मिटून स्वतःलाच विचारा, रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की आठवड्याने तेच जास्त टिकतं.

१४. साक्षीदार "हाच तो" असं छातीठोकपणे सांगतो, तरी कोर्ट विश्वास का ठेवत नाही?

कारण इथे खोट्या ओळखीची किंमत म्हणजे एखाद्याचं आयुष्य. नॉर्थ कॅरोलिनात १९८४ मध्ये जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. तिने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून लक्षात ठेवला होता. तिने फोटोंतून रोनाल्ड कॉटनला निवडलं, मग प्रत्यक्ष परेडमध्येही त्यालाच, आणि पोलिसांकडून कळलं की फोटोतही तोच निवडला होतास, तशी तिची खात्री दगडासारखी झाली. पुढे परत खटला चालला तेव्हा खरा गुन्हेगार बॉबी पूल कोर्टात तिच्यासमोर उभा केला गेला, आणि ती म्हणाली याला मी कधी पाहिलेलं नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासणीत कॉटन निर्दोष ठरला, दहा वर्षांहून जास्त तुरुंगात काढून.

यात दोन-तीन गोष्टी घडतात. समोर सहा जण असले की साक्षीदार नकळत "यातला त्यातल्या त्यात कोण" असं करतो, प्रश्न ११ मधल्या जोडीसारखं, आणि खरा गुन्हेगार तिथे नसला तरी कोणीतरी सापडतोच. म्हणून "यात तो नसूही शकतो" हे आधी सांगणं फार महत्त्वाचं, त्याने रेघ वर जाते. दुसरं, फोटोत पाहिलेला चेहरा परेडमध्ये ओळखीचा वाटणारच, पण तो ओळखीचा गुन्ह्यातून की फोटोतून हे आतून कळत नाही. तिसरं, "शाबास, बरोबर निवडलंत" एवढं कोणी म्हटलं तरी मागे जाऊन खात्री वाढते, वेल्स आणि ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये हे दाखवलं. म्हणून पहिल्या, स्वच्छ परेडच्या क्षणी साक्षीदाराने सांगितलेली खात्री कामाची असते, वर्षाने कोर्टातली नाही.

आपल्याकडे ओळख परेड दंडाधिकाऱ्यासमोर होते, सारख्या दिसणाऱ्या लोकांत संशयिताला उभं करून. कायद्याने ती स्वतंत्र पुरावा नाही, कोर्टातल्या ओळखीला दुजोरा देणारी आहे. बातम्यांत पोलीस आरोपीच्या तोंडावर काळं फडकं टाकून नेताना दिसतात ना, त्यामागचं कारण हेच, परेडच्या आधी साक्षीदाराने तो चेहरा टीव्हीवर पाहिला तर सगळी परेड वाया. मग फोन घेऊन तोंड उघडं पडायची वाट बघत उभे राहणारे लोक केसचं नुकसानच करतात.

१५. एखाद्या नव्या गावात गेल्यावर "इथे मी आधी आलोय" असं वाटतं, ते पूर्वजन्माचं का?

पूर्वजन्म आणावा लागत नाही. याला देजा व्हू म्हणतात, आणि यात ओळखीचं वाटणं जोरात आणि प्रसंग आठवणं शून्य असं असतं, शिवाय तुम्हाला पक्कं माहीत असतं की मी इथे आलेलो नाही. ॲन क्लिअरी यांनी आभासी जागा बनवून बघितलं, दोन जागांची मांडणी सारखी पण वस्तू वेगळ्या, आणि पहिली जागा आठवत नसली की दुसरीत देजा व्हू जास्त वाटला. कोकणातल्या एखाद्या घराची पडवी, माजघर, मागचं दार हे तुमच्या आजोळासारखंच असेल तर काय होईल बघा. मात्र हे वारंवार होत असेल, त्यापाठोपाठ भान हरपत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा, टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाच्या, फिटची ती सुरुवात असू शकते.

१६. फोनचं फेस अनलॉकही असंच करतं का?

आतली यंत्रणा वेगळी, पण रेघ तिथेही आहे. साम्याचा आकडा काढायचा आणि ठरलेल्या रेघेच्या वर गेला तरच उघडायचं. ॲपल सांगतं की अनोळखी माणसाच्या चेहऱ्याने फेस आयडी उघडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी, म्हणजे रेघ खूप वर. त्याची किंमत म्हणजे सकाळी सुजलेल्या तोंडाने तुमचाच फोन तुम्हाला ओळखत नाही.

१७. "ओळखलं नाही" असं माणूस मनापासून म्हणतोय, पण आत कुठेतरी ओळखलंय, असं होऊ शकतं?

होतं, आणि उलटंही होतं. मेंदूला इजा झाल्यावर काहींना चेहरे ओळखता येत नाहीत, प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात, आवाज ऐकेपर्यंत घरचा माणूसही परका. १९८५ मध्ये ट्रॅनेल आणि दमासिओ यांनी अशा दोन पेशंटांच्या त्वचेची विद्युत प्रतिक्रिया मोजली, तोंडाने ते "माहीत नाही" म्हणत होते पण ओळखीच्या चेहऱ्यांना त्वचा जास्त प्रतिक्रिया देत होती. म्हणजे मात्रा कुठेतरी होती, ती निर्णयापर्यंत पोचतच नव्हती.

याच्या उलट कॅपग्रास नावाचा विकार, फ्रान्समध्ये १९२३ मध्ये पहिल्यांदा नीट मांडलेला. चेहरा तोच, नाक-डोळे तेच, पेशंटला हे सगळं मान्य, पण ती ओळखीची ऊब येत नाही, त्वचा गप्प. मग मेंदू निर्णय देतो की हा हुबेहूब तोतया आहे. इथे दिसणं सांगतं "हो" आणि आतलं वाटणं सांगतं "नाही", आणि जिंकतं ते वाटणं. विल्यम हर्स्टीन आणि व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९७ मध्ये अशाच एका तरुणाची केस लिहिली, समोर बसलेले आई-वडील त्याला तोतये वाटायचे, आणि तेच फोनवर बोलले की तो त्यांना बरोबर ओळखायचा.